देशाचा वेतन कायदा मानवी हक्कांच्या निकषांवर कसा तपासावा

किमान वेतन आणि वेतन संरक्षण यांत गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं. पहिल्यात पगार किती ते ठरतं. दुसऱ्यात ठरलेला पगार पूर्ण आणि वेळेवर हातात पडतो का ते.

निकष मुख्यतः दोन: आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1949 चा करार क्रमांक 95, आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या 1966 च्या कराराचं कलम 7. पहिला आपल्या देशाने मंजूर केलाय का, ते संघटनेच्या नॉर्मलेक्स या संकेतस्थळावर पाहा.

मग देशाचा कायदा उघडा आणि आधी व्याख्या वाचा. खरी गळती तिथेच असते. करार 95 घरकामगारांसारख्या काही गटांना वगळू देतो, तेही सरकारने पहिल्याच वार्षिक अहवालात तसं कळवलं असेल तर. कलम 7 मात्र ‘प्रत्येकाला’ म्हणतं. त्यामुळे एखादी सूट पहिल्या निकषावर टिकते आणि दुसऱ्यावर कोसळते.

यानंतर पगाराची एक खरी पावती समोर घ्या आणि कपातीची प्रत्येक ओळ तपासा. करार 95 नुसार कपातीला आधार तीनच: कायदा, सामूहिक करार किंवा लवादाचा निवाडा. ‘कामगाराने सही केली होती’ हा आधार नव्हे. नोकरी हवी असलेला माणूस कशावरही सही करतो. नोकरी लावून दिल्याबद्दल मालकाला किंवा मुकादमाला द्यायचे पैसे पगारातून कापणं त्याच कराराच्या कलम 9 नुसार सरळ निषिद्ध आहे. जेवण-निवारा पगारात धरला असेल, तर लावलेली किंमत वाजवी हवी.

पगार उशिरा दिल्याबद्दलचा दंड थकवलेल्या रकमेवरच्या व्याजाहून कमी असेल, तर पगार रखडवणं मालकाला परवडतं. हे गंभीर आहे: पगार अडकवून ठेवणं हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सांगितलेल्या सक्तीच्या श्रमाच्या अकरा निदर्शकांपैकी (ओळखायच्या खुणांपैकी) एक आहे. काम सुटल्यावरचा हिशेब आणि मालकाचं दिवाळं निघाल्यास कामगाराच्या थकबाकीला मिळणारा अग्रक्रम, हेही पाहा.

तक्रार मात्र जपून करा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे एकट्याची तक्रार चालत नाही. तिच्या घटनेच्या कलम 24 खाली युनियनने अर्ज करावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्क समितीकडे व्यक्तीला जाता येतं, पण देशाने 1966 च्या कराराला जोडलेला 2008 चा ऐच्छिक प्रोटोकॉल (पूरक करार) स्वीकारलेला हवा आणि देशातले उपाय संपलेले हवेत. त्यानंतर साधारण एका वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो, म्हणून शेवटच्या आदेशाची तारखेसह प्रत जपून ठेवा.