आरोग्य जनजागृती करताना या चुका टाळा: पत्रक पोहोचतं, माणसं का येत नाहीत?

शिबिराला कुणी फिरकलं नाही की आढावा बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "त्या लोकांत जागरूकताच नाही." निदान इथेच चुकतं. आपल्या आखणीत काय बिघडलं हे न पाहता आपण सगळा दोष त्यांच्या चालीरीतींवर ढकलून मोकळे होतो.

सगळं ठरवून झाल्यावर लोकांना विचारणं

सर्वांत महागात पडते ती ही चूक. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला, तेव्हा मृतदेहाच्या स्पर्शातूनही लागण होत होती. म्हणून संरक्षक पोशाखातली पथकं येत, मृतदेह नेत आणि पुरून टाकत. शास्त्र म्हणून ते बरोबरच होतं. पण शेवटचा निरोप, प्रार्थना, दफनाची जागा याबद्दल घरच्यांना बहुतेकदा कुणी विचारत नव्हतं. परिणामी काही ठिकाणी लोक आजारी माणसं लपवू लागले, चोरून दफनं होऊ लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवी पद्धत जाहीर केली. तिच्यात सुरक्षिततेइतकाच मान सन्मानाला होता आणि कुटुंब व धर्मगुरू सहभागी होते. मृतदेहाला हात न लावण्याची अट मात्र तशीच राहिली.

मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. मोहीम आखताना ज्यांवर तडजोड होऊच शकत नाही, असे एक-दोन मुद्दे आधी कागदावर लिहा. वेळ, जागा, चित्रं, कुणी बोलायचं हे सारं लोकांसोबत बसून ठरवा.

भाषांतर झालं म्हणजे समजलं, असं धरून चालणं

१९८० मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात एका १८ वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणलं. घरच्यांनी 'इन्तॉक्सिकादो' हा स्पॅनिश शब्द वापरला. खाण्यातून काहीतरी बाधलं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. डॉक्टरांनी अमली पदार्थांची नशा असा अर्थ घेतला. मेंदूतला रक्तस्राव वेळेत लक्षात आला नाही आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. दुभाषी नव्हता, कारण त्याची गरज आहे असं कुणालाच वाटलं नाही.

पत्रकाचं भाषांतर दुसऱ्याच माणसाकडून पुन्हा मूळ भाषेत करून घ्या. घसरलेले शब्द लगेच दिसतात. समोरासमोर बोलताना "समजलं का?" विचारू नका, त्यावर सगळे "हो"च म्हणतात. "घरी गेल्यावर हे कसं सांगाल?" असं विचारा. घरातल्या लहान मुलाला दुभाषी करणं तर पूर्ण टाळा. आईच्या पाळीबद्दल किंवा वडिलांच्या व्यसनाबद्दलचे प्रश्न त्याच्या तोंडून विचारले जाऊ नयेत.

अविश्वासाला अज्ञान समजणं

अमेरिकेतल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर नुसती नजर ठेवली गेली. पेनिसिलिनने हा आजार बरा होतो हे कळल्यावरही ते त्यांना दिलं नाही, आणि हे सगळं सरकारी आरोग्य विभागाने केलं. अशी आठवण बाळगणारा समाज सरकारी पत्रकावर लगेच विश्वास कसा ठेवेल? तिथे आणखी माहिती ओतून भागत नाही. आधी काय घडलं होतं ते ऐकून घ्या, चूक झाली असेल तर कबूल करा.

एका माणसाला अख्खा समाज मानणं

बैठकीला येणारा प्रतिनिधी बहुधा वयस्क पुरुष असतो. बायका, तरुण, अपंग यांच्याशी वेगळं बोला. उलट बाजूनेही जपा: अमुक धर्माची व्यक्ती म्हणजे अमुकच खाणार, अमुकच मानणार, हे यादीवरून ठरवू नका, तिलाच विचारा. आणि जागेला पायऱ्याच असतील, सांकेतिक भाषा जाणणारं कुणी नसेल, तर 'सर्वांचं स्वागत' छापू नका.

वाटलेली पत्रकं मोजणं

त्याऐवजी कोण आलं नाही ते मोजा. भाषा, वय, लिंग, अपंगत्व अशी फोड करून. मग त्यांच्यातल्या काहींना भेटा. "का आला नाहीत?" या प्रश्नात आरोप ऐकू येतो. "आम्ही कुठे आणि कधी आलो असतो तर तुम्हाला जमलं असतं?" असं विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.