दफनांतल्या प्राचीन चटया वाचताना या चुका टाळा

जुन्या दफनातून आलेला चटईचा तुकडा समोर ठेवला की नजर आधी मधल्या नक्षीवर जाते. पहिली चूक तिथेच होते, आणि पुढच्या बऱ्याच चुका तिच्यातून निघतात. मध्यभागी एकसारखी वीण दिसते. पण काम सुरू कुठून झालं, पाती कुठे वळली, शेवटची टोकं कशी खोचली, हे कडेलाच कळतं. कड शिल्लक असलेला तळहाताएवढा तुकडा बिनकडेच्या हातभर तुकड्यापेक्षा जास्त माहिती देतो. म्हणून एकच पाती धरा आणि तिच्या मागे जा: ती कशावरून गेली, कशाखालून आली, कडेला तिचं काय झालं.

वेगवेगळ्या रचनांना एकच नाव देणे

तीन रचनांची गल्लत सर्रास होते. पहिलीत सपाट पट्ट्या एकमेकींच्या खालून-वरून जातात आणि दोन्ही दिशांच्या पट्ट्यांचं काम सारखंच असतं. शिंदीच्या पानांची चटई पाहिली असेल तर ही वीण लगेच ओळखू येईल. दुसरीत उभ्या काड्या स्थिर राहतात आणि दोन आडव्या दोऱ्या एकमेकींना पीळ देत प्रत्येक काडीला कवेत घेतात. हे ट्वायनिंग. तिसरीत गवताच्या जुडीला वेटोळी देत टाके घालून ती शिवतात. ही रचना टोपल्यांत जास्त.

चटई दाट आणि मळलेली असेल तर ट्वायनिंग आणि साधी ताण्या-बाण्याची वीण, म्हणजे उभ्या ताण्यांतून एकच आडवा बाणा खालून-वरून नेलेली, वरून सारखीच दिसतात. अडलात तर दोन उभ्या काड्यांच्या मधल्या फटीत भिंगाने पाहा. तिथे दोन दोऱ्या एकमेकींना ओलांडत असतील तर ट्वायनिंग. एकच दोरी सरळ पुढे जात असेल तर साधी वीण.

ही गल्लत तज्ज्ञांनाही चुकलेली नाही. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात फॅलन गावाजवळ स्पिरिट केव्ह नावाची गुहा आहे. १९४० मध्ये सिडनी आणि जॉर्जेटा व्हीलर या दांपत्याला तिथे एका पुरुषाचं दफन सापडलं. सशाच्या कातड्याचं पांघरूण, पायांत चामडी पादत्राणं, आणि टुली या पाणगवताच्या चटया. त्यांच्या विणीला ‘डायमंड प्लेटिंग’ हे नाव चिकटलं. प्लेटिंग म्हणजे वरची पहिली रचना. रचना बारकाईने तपासल्यावर मात्र रुंद उभ्या पाती आणि त्यांना बांधणाऱ्या बारीक दोऱ्या, म्हणजे वेगळा ताणा आणि वेगळा बाणा दिसला. आता ‘मग माग असणारच’ अशी उडी मारू नका. साधी वीण जमिनीवर पसरून नुसत्या हातांनीही करता येते.

ठशातला पीळ जसाच्या तसा नोंदवणे

पुष्कळदा चटई कुजून जाते आणि मातीत तिचा ठसा तेवढा राहतो. ठसा म्हणजे आरशातलं प्रतिबिंब. दोरी उभी धरल्यावर पीळ वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे उतरत असेल तर त्याला एस म्हणतात, उलट दिशेने असेल तर झेड. ठशात एस पीळ झेड दिसतो. ही उलटापालट लक्षात न घेता केलेल्या नोंदी पुढे दोन परंपरांच्या तुलनेत वापरल्या गेल्या की अख्खा निष्कर्ष फिरतो. ठसा भक्कम असेल आणि परवानगी असेल, तर संवर्धकाकडून साचा घेऊन त्यावर वाचा. नाहीतर नोंदीत ‘ठशावरून’ असं स्पष्ट लिहा. उलट छापला गेलेला फोटोही असाच फसवतो. तुकडा नुसता गोल फिरवला तर पिळाची दिशा बदलत नाही, त्याची काळजी नको.

पांढरी भुकटी झाडून टाकणे

तुर्कस्तानातल्या चातालहोयुक या नवाश्मयुगीन वस्तीच्या दफनांत चटया गेल्या, पण वनस्पतीच्या पेशींतली सिलिका पांढऱ्या थरासारखी उरली आणि त्यात विणीचा नमुना दिसतो. ब्रश फिरवला की पुरावा संपला. तांब्याच्या गंजाचंही तेच. आपल्याकडे नेवासे आणि चांदोलीच्या ताम्रपाषाणयुगीन दफनांत धाग्याचे तंतू टिकले ते तांब्याच्या मण्यांमुळे. मणी चकचकीत करण्याआधी भोकात पाहा.

एकाच गुहेतलं सगळं एकाच काळाचं मानणे

स्पेनमध्ये ग्रानादा प्रांतातल्या आल्बुन्योलजवळ वटवाघळांची गुहा आहे. १८५७ मध्ये खाणकामगारांनी ती उपसली. मृतदेहांसोबतच्या एस्पार्टो गवताच्या टोपल्या आणि चपला इकडेतिकडे विखुरल्या. दहा वर्षांनी मानुएल दे गोंगोरा या पुरातत्त्व अभ्यासकांनी उरलंसुरलं गोळा केलं आणि १८६८ मध्ये प्रसिद्ध केलं. कोणती वस्तू कोणत्या देहाजवळ होती, हे तोवर हरवलं होतं. पुढे हा सगळा ऐवज शेतीच्या सुरुवातीच्या काळातला मानला गेला. २०२३ मध्ये थेट तंतूंवर केलेल्या कार्बन कालमापनाचे निकाल प्रसिद्ध झाले: काही टोपल्या सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या, शिकारी-संकलकांच्या, चपला सुमारे ६,२०० वर्षांपूर्वीच्या. मध्ये तीन हजारांवर वर्षांचं अंतर! भौमितिक नक्षीची इतकी सुबक टोपली शेती न करणारी माणसं विणत होती, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर सत्य वाटतं. स्पिरिट केव्हचं दफनही आधी दीड-दोन हजार वर्षांचं समजलं होतं. १९९०च्या दशकात ते दहा हजार वर्षांहून जुनं निघालं.

प्रत्येक डागाला रंग समजणे

देह कुजताना चटईवर डाग पडतात, दफनात टाकलेला गेरू झिरपतो. रंगवलेली पाती विणीत जिथे झाकली जाते तिथेही रंगीत असते. वरून आलेला डाग विणीची पर्वा न करता पसरतो. शिवाय रंग न वापरताही नक्षी होते. पातीची एक बाजू चकचकीत आणि दुसरी निस्तेज असेल, तर ती उलटसुलट फिरवूनच दोन छटा मिळतात. दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय ‘नक्षी नाही’ असं लिहू नका.

तंतू डोळ्यांनी ओळखणे

चातालहोयुकच्याच दफनांतलं कापड लोकर की जवसाचा तंतू, यावर १९६०च्या दशकापासून वाद चालला. २०२१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखालच्या अभ्यासातून ओकच्या अंतर्सालीचे तंतू समोर आले.

प्रतिकृती सैल पडते तेव्हा

वीण समजून घ्यायला तुम्ही स्वतः प्रतिकृती विणलीत आणि पाती ओलीचिंब असताना विणली असेल तर वाळताना ती आकसते आणि फटी पडतात. पाणगवत कापल्यावर आधी पूर्ण वाळवा, मग फक्त वळण्याइतकं ओलवा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. वळवताना पाती तडकत असेल तर ओल कमी पडली आहे.

देहाचा फोटो वापरणे

स्पिरिट केव्हच्या माणसाचे अवशेष २०१६ मध्ये फॅलन पाइयूट-शोशोनी जमातीकडे परत गेले आणि २०१८ मध्ये त्यांनी आपल्या पूर्वजाला पुन्हा मातीत ठेवलं. चटई समजावून सांगायला मृतदेहाचं चित्र लागत नाही. विणीचं रेखाचित्र द्या, ताणा आणि बाणा वेगळ्या रेषांनी काढा, कोणती बाजू दाखवली ते लिहा आणि शेजारी मोजपट्टी आखा.