पहिल्यांदा कर्लिंग खेळताय? या चुका टाळा

कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत पलीकडच्या वर्तुळांत नेऊन थांबवायचा खेळ. नवा माणूस बर्फावर उतरला की त्याच्या पहिल्या दगडाचं काय होणार, हे मला आता आधीच कळतं. एकतर तो निम्म्या वाटेत थांबतो, नाहीतर थेट पलीकडच्या कडेला जाऊन आदळतो. दोन्हीचं कारण एकच असतं. दगड हाताने ढकललेला असतो.

मी कॅनडात, ओंटारियोत राहतो. गेले सहा हिवाळे कर्लिंग खेळतोय आणि नव्या लोकांच्या शिकवणीला मदत करतो. तिथे येणाऱ्या मराठी मंडळींचा प्रश्न साधारण सारखाच असतो: इथला हिवाळा पाच महिन्यांचा, स्केटिंग-स्कीइंग लहानपणापासून केलेलं नाही, मग आमच्यासारख्यांनी खेळायचं काय? माझं उत्तर ठरलेलं आहे. चाळिशीत, पन्नाशीत सुरू करून दोन महिन्यांत खरा सामना खेळता येईल असा हा हिवाळी खेळ आहे. फक्त टीव्हीवर तो इतका सोपा दिसतो की लोक चुकीच्या तयारीने येतात. 1998च्या नागानो ऑलिम्पिकपासून कर्लिंग पदकांच्या यादीत कायमचं आलं, आणि दर हिवाळी ऑलिम्पिकनंतर क्लबांत नव्यांची गर्दी होते. त्यातले बरेच जण पहिल्या दोन-तीन वेळांतच कंटाळून जातात. मला ते खटकतं, कारण त्यांना अडवणाऱ्या चुका अगदी थोड्या आहेत.

मैदानाची ओळख थोडक्यात करून देतो. बर्फाची पट्टी, म्हणजे शीट, सुमारे 45 मीटर लांब. पलीकडच्या टोकाला 12 फूट व्यासाची वर्तुळं, त्यांना हाउस म्हणतात; मधोमध बटन. दगड ग्रॅनाइटचा, जास्तीत जास्त 19.96 किलो. एका संघात चार जण, प्रत्येकाला दोन दगड. दोन्ही संघांचे मिळून सोळा दगड झाले की एक एंड, म्हणजे एक डाव, संपतो. शीटच्या दोन्ही बाजूंना एकेक आडवी रेष असते, तिला हॉग लाइन म्हणतात. आपला दगड सोडताना अलीकडच्या हॉग लाइनच्या आत हात सुटला पाहिजे, आणि दगड पलीकडची हॉग लाइन पूर्ण ओलांडून गेला पाहिजे. नाही गेला तर तो बाद. पुढे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिलंय. डावखुऱ्यांनी उलट समजावं.

बूट, मीठ आणि जीन्स

इथल्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ आणि वाळू टाकतात. ते बुटांच्या तळाला चिकटून आत येतं. आपल्याकडे चपला दाराबाहेर काढायची सवय असते, ती इथेही पाळा: बाहेरचे बूट लॉकर रूममध्येच काढायचे आणि फक्त आत वापरायचे, स्वच्छ रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज घालायचे. हा नुसता शिष्टाचार नाही. कर्लिंगचं बर्फ स्केटिंगच्या बर्फासारखं गुळगुळीत नसतं. त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून गोठवतात, त्याला पेबल म्हणतात. दगडाचा तळ खोलगट असतो, आणि त्याची फक्त पाच-सहा मिलिमीटर रुंदीची एक गोल कड या थेंबांच्या टोकांवरून सरकत जाते. त्या कडेखाली वाळूचा एक कण किंवा ब्रशचा, म्हणजे दगडापुढचं बर्फ घासायच्या झाडूचा, एक केस आला, तर नीट चाललेला दगड भलतीकडे वळतो. म्हणून दगड सोडण्याआधी तो कडेवर कलता करून तळावरून एकदा हात फिरवायचा. कलता करायचा, उचलायचा नाही. वीस किलो दगड उचलायला गेलेल्या माणसाची पाठ आठवडाभर दुखलेली मी पाहिली आहे.

पेबलमुळेच आणखी एक सवय मोडावी लागते. दगड सोडताना त्याच्याबरोबर सरकून झाल्यावर नवीन माणूस दमून तिथेच हात आणि गुडघे टेकून बसतो आणि आपला दगड कुठे गेला ते बघत राहतो. तेवढ्या वेळात तळहाताखालचे थेंब विरघळतात, आणि पुढच्या खेळाडूचा दगड त्या सपाट डागावरून जातो. उठा आणि बाजूला व्हा.

कपड्यांबद्दल एवढंच: जीन्स नको. खोल बसायचं असतं, त्यामुळे ताणली जाणारी पँट लागते. जाड जॅकेटही नको, दोन-तीन पातळ थर बरे. बर्फ उणे पाच अंशांच्या आसपास असलं तरी दोन वेळा झाडू मारला की घाम फुटतो.

पडण्याचं मात्र गंभीरपणे घ्या. डाव्या पायाच्या तळाला गुळगुळीत स्लायडर असतो, उजव्याला पकड देणारा ग्रिपर. बर्फावर जाताना आधी ग्रिपरचा पाय ठेवायचा, बाहेर येताना आधी स्लायडरचा पाय बाहेर काढायचा. माझ्या पहिल्या हिवाळ्यात बोलता बोलता मी स्लायडरचा पाय आधी टाकला आणि मागे कोसळलो. कोपरावर निभावलं, डोक्यावर आलं असतं. पहिले काही महिने हेल्मेट किंवा आतून पॅड असलेली टोपी घालाच. झाडू मारताना स्लायडरवर रबरी ग्रिपर चढवायला विसरू नका. आणि येणारा दगड पायाने अडवायला कधीच जाऊ नका. तो हळू दिसतो, पण वीस किलो ग्रॅनाइट आहे ते.

मूळ चूक: हाताचा जोर

आपण बहुतेक जण कॅरम खेळत मोठे झालो. हाताच्या झटक्यात वेग असतो, हे बोटांत भिनलेलं असतं. कर्लिंगमध्ये वेग पायातून येतो. हॅक नावाच्या रबरी आधारावर उजवा पाय टेकवून स्वतःलाच पुढे लोटायचं, आणि दगड आपल्याबरोबर येतो. शरीराचा वेग तोच दगडाचा वेग. शेवटी हात उघडायचा आणि दगड जाऊ द्यायचा, इतकंच हाताचं काम.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण शेवटच्या क्षणी जवळजवळ सगळ्यांचा धीर सुटतो. «पोचणार नाही बहुतेक» असं वाटतं आणि हात आपोआप पुढे ढकलतो. त्या ढकलण्याने दोन गोष्टी बिघडतात. एक, प्रत्येक वेळी ढकलण्याचा जोर वेगळा, म्हणून दगडाचा वेग कधीच सारखा येत नाही. दुसरी, खांदा वळतो आणि दगड नेमलेल्या रेषेवरून निसटतो. माझा सल्ला असा: पहिल्या दिवशी दगड हॉग लाइनच्या अलीकडे थांबले तरी चालतील, पण ढकलू नका. पुढचा दगड टाकताना हॅकमधून पाय जास्त जोराने मारा. पायाचा जोर दोन आठवड्यांत जमतो. हाताची सवय लागली तर ती मोडायला अख्खा हिवाळा जातो.

आता क्रम. हॅकमध्ये बसल्यावर कंबर थोडी वर उचला, दगड जरासा मागे घ्या, डावा पाय मागे न्या. मग आधी दगड पुढे, त्याच्या मागोमाग डावा पाय, आणि मग उजव्या पायाचा रेटा. हा «आधी दगड, मग पाय» क्रम नव्यांचा हमखास चुकतो. दोन्ही एकदम निघाले की पायाला दगडामागे जागा मिळत नाही, तो बाजूला पडतो आणि माणूस डावीकडे कलंडतो. म्हणून सरकताना सतत डावीकडे पडत असाल, तर तोल सुधारायचे व्यायाम शोधू नका, आधी क्रम बघा. डावा पाय छातीच्या मध्याखाली आला पाहिजे, आणि अंगाचं सगळं वजन त्याच्यावर.

वजन दगडावर आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे: दगड सोडल्यावर तुमचं तोंड बर्फाकडे जातं का? जात असेल तर तुम्ही दगडाचा काठीसारखा आधार घेत होतात. यावर उपाय म्हणजे दगडाशिवाय सरकणं. डाव्या हातात ब्रश किंवा स्टॅबिलायझर (तोल सांभाळायला बर्फावर टेकवून धरायचा आधार) धरा, उजवा हात मोकळा पुढे ठेवा आणि नुसतं सरका. दहा वेळा. नव्यांना हे वाया गेलेला वेळ वाटतो. मला विचाराल तर पहिल्या तासातला निम्मा वेळ यातच जावा.

दिशा चुकत असेल तर वेगळं तपासायचं. पलीकडे स्किप, म्हणजे संघाचा कर्णधार, ब्रश टेकवून उभा असतो, तो नेम. बरेच जण हॅकमध्ये बसताना सरळ समोर, हाउसच्या मध्याकडे तोंड करून बसतात आणि मग सरकता सरकता हात वळवून दगड स्किपच्या ब्रशकडे नेतात. कंबर, खांदे आणि उजव्या पायाचा चवडा बसतानाच ब्रशच्या दिशेने हवेत. मित्राला मागे उभं करून मोबाइलवर एक चित्रफीत काढायला सांगा. सांगून पटत नाही ते त्यात लगेच दिसतं.

मूठ फिरवायची किती?

दगडाला फिरकी दिली की तो शेवटी वळतो, त्या वळणावरूनच खेळाचं नाव पडलं. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा दगड उजवीकडे वळतो, उलट फिरणारा डावीकडे. घरी एक गंमत करून बघा: काचेचा पेला उपडा ठेवून ओट्यावर फिरकी देऊन सरकवा. तो बरोबर उलट्या बाजूला वळेल. बर्फावर दगड असा का वळतो, यावर शास्त्रज्ञांचं अजूनही एकमत नाही, आणि मला हा खेळ आवडण्याचं हेही एक कारण आहे.

फिरकीत चुका दोन. एक म्हणजे ती द्यायचीच विसरणं. असा दगड मधेच मनाने एखादी बाजू पकडतो आणि स्किपला काहीच ठरवता येत नाही. दुसरी म्हणजे भोवऱ्यासारखी गरगर फिरवणं. मग दगड जवळजवळ वळतच नाही. संपूर्ण वाटेत अडीच-तीन फेऱ्या पुरेत. सुरुवातीला दगडाची मूठ (हँडल) घड्याळातल्या दहाच्या खुणेकडे ठेवा आणि सोडेपर्यंत सावकाश बाराकडे आणा. उलट फिरकीला दोनकडून बाराकडे. सोडून झाल्यावर हात हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा दिसला, तर बरोबर जमलं.

झाडू मारणं म्हणजे बर्फ पुसणं नव्हे

बाहेरून बघणाऱ्यांना सगळ्यात मजेशीर वाटणारी गोष्ट ही, आणि खेळताना सगळ्यात कमी लेखली जाणारीही हीच. घर्षणाने बर्फाचा वरचा थर किंचित गरम होतो, दगडाचा अडथळा कमी होतो, तो लांब जातो आणि कमी वळतो. चांगल्या झाडूने दोनेक मीटरचा फरक पडतो. एंड जिंकण्याहरण्याला तेवढा पुरतो.

नवे लोक ताठ उभे राहून ब्रश भराभर हलवतात. वेग आहे, दाब नाही. खालचा हात दांड्यावर आणखी खाली घ्या, अंग पुढे झुकवा, वजन ब्रशच्या टोकावर येऊ द्या आणि दगडाच्या अगदी पुढच्या पट्ट्यात मारा. ब्रश दगडाला लागला तर तो दगड «जळला». तो लपवायचा नाही, आपणहून सांगायचं. या खेळात सांगणं खेळाडूवर सोडलेलं असतं, आणि सगळे सांगतात.

उशिरा सुरू करणं ही दुसरी अडचण. स्किप ओरडेपर्यंत वाट पाहिली तर दगड आधीच मंदावलेला असतो. कामाची वाटणी लक्षात ठेवा: दगडाची दिशा स्किपला दिसते, वेग झाडूवाल्यांना कळतो. दगड कमी पडणार असं वाटलं की मोठ्याने सांगा आणि लागा कामाला. «हरी, हार्ड» म्हणजे पूर्ण जोर, «व्होआ» म्हणजे थांबा, «क्लीन» म्हणजे नुसता कचरा बाजूला करण्यापुरता हलका हात.

प्रत्येक दगड उडवायचा नसतो

इथे पुन्हा कॅरम आडवा येतो. समोर विरोधकाचा दगड दिसला की तो उडवावासा वाटतो. पण जोरात सोडलेल्या दगडाचा नेम नव्या हाताने चुकतोच, आणि तो काही न करता मागून निघून जातो. याउलट हाउसच्या पुढे कमी पडलेला दगड वाया जात नाही. तो गार्ड होतो, त्याच्या आडोशाला पुढचा दगड लपवता येतो. पहिल्या हिवाळ्यात हाउसमध्ये अलगद नेऊन थांबवायचा ड्रॉ तेवढा घोटा.

एंड संपल्यावर उत्साहात कोणी तरी दगड पायाने बाजूला सारायला लागतं. थांबा. गुण फक्त एका संघाला मिळतात: बटनाच्या सगळ्यात जवळ ज्याचा दगड, त्याला, आणि विरोधकाच्या सर्वात जवळच्या दगडापेक्षा त्याचे जेवढे दगड आत, तेवढे गुण. हे दोन्ही संघांचे तिसऱ्या क्रमांकाचे खेळाडू ठरवतात. त्यांचं एकमत होईपर्यंत बाकीच्यांनी हाउसबाहेर राहायचं. विरोधी खेळाडू हॅकमध्ये बसला की दोन्ही हॉग लाइनच्या मधे, शीटच्या कडेला, न हलता उभं राहायचं. सामन्याच्या आधी आणि नंतर प्रत्येकाशी हात मिळवायचा, आणि नंतर एकत्र बसायचं. जिंकलेला संघ हरलेल्यांना पेय देतो, ही जुनी रीत आहे. घाई आहे म्हणून थेट गाडी गाठणारे नवे लोक इथेच सगळ्यात जास्त गमावतात. मी जे शिकलो, त्यातलं निम्मं त्या टेबलावर शिकलो.

गुडघे कुरकुरत असतील तर एक शेवटची चूक टाळा: मनातून खेळ बाद करू नका. दगडाच्या मुठीत अडकणारी लांब काठी मिळते, तिने उभ्याने चालत दगड सोडता येतो. बहुतेक क्लब ती चालवून घेतात. माझी आई गेल्या हिवाळ्यात साताऱ्याहून आली होती, वय अडुसष्ट. दोन्ही पायांना ग्रिपर लावून ती काठीने खेळली. तिचा तिसरा दगड हाउसच्या चार फूट अलीकडे थांबला, आणि समोरच्या संघाच्या स्किपने ब्रश उंचावून «गुड गार्ड» म्हटलं. ते ऐकून आईने मला विचारलं, गार्ड म्हणजे काय रे? मग पुढचा सगळा एंड मी तिच्या शेजारी उभं राहून तेच समजावत होतो.