कोकणकड्याचा पॅनोरमा: कॅमेरा आणि ट्रायपॉड नीट कसा लावायचा

हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याशी पोचलं की पहिली अडचण हीच, की कडा एका फोटोत मावत नाही. आत वळलेला अर्धगोल कडा, दोन्ही हातांना त्याचे बाहू, समोर खाली कोकण, आणि १८ एमएमच्या रुंद लेन्सला सुद्धा त्यातला एक तुकडाच येतो. मोबाईलवर पॅनोरमा मोड आहे पण तो फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडून झूम करून बघा, कातळाच्या रेषा मध्येच तुटलेल्या दिसतात. म्हणून तिथे ट्रायपॉड लावायचा, सुटे सुटे फोटो काढायचे आणि घरी येऊन जोडायचे. जोडायचं काम सॉफ्टवेअर करतं, ते हल्ली सोपं झालंय, खरी मेहनत जागेवरची आहे. आणि माझं ठाम मत आहे की पॅनोरमा बिघडतो तो बहुतेक वेळा दोनच गोष्टींमुळे, एक म्हणजे कॅमेरा ज्या चकतीवर फिरतो ती चकतीच तिरकी असते, आणि दुसरं म्हणजे तो चुकीच्या बिंदूभोवती फिरतो.

आधी ट्रायपॉड. काठापासून चांगला मागे लावा, कड्यावर वारं खालून वर येतं आणि अचानक जोरात येतं, ट्रायपॉड आणि तुम्ही दोघंही सुरक्षित राहिलं पाहिजे, त्यापुढे कुठलाही फोटो मोठा नाही. पाय उघडताना वरचे जाड भाग आधी उघडा, खालचे बारीक भाग शक्यतो बंदच ठेवा आणि मधला दांडा अजिबात वर काढू नका, वाऱ्यात तो थरथरतोच. उतार असेल तर दोन पाय उताराच्या बाजूला ठेवा. खाली हुक असेल तर सॅक अडकवा पण ती जमिनीला टेकलेली राहू दे, लोंबकळत राहिली तर वाऱ्याने झुलेल आणि ट्रायपॉडलाही हलवेल. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, तोही फडफडतो.

आता लेव्हल, आणि घोडं इथंच पेंड खातं. बहुतेक जण काय करतात, पाय कसेही उभे करतात, मग बॉल हेड, म्हणजे कॅमेरा धरणारा वरचा गोळ्याचा सांधा, सैल करून कॅमेरा सरळ करतात, स्क्रीनवरची लेव्हल हिरवी झाली की झालं. पहिली फ्रेम सरळ येते पण. साध्या बॉल हेडमध्ये फिरणारी चकती बॉलच्या खाली असते, ती तिरकीच राहिलेली असते, त्यामुळे कॅमेरा फिरवत नेला की क्षितिज हळूहळू कलायला लागतं आणि जोडलेला फोटो एका बाजूला वर चढत जातो. मग तो सरळ करताना वरखालून इतकं कापावं लागतं की आभाळ तरी जातं नाहीतर पायथा तरी. म्हणून ट्रायपॉडच्या खांद्यावर जो पाण्याचा बुडबुडा असतो तो आधी मध्यावर आणायचा, पायांची लांबी कमीजास्त करून, आणि मग बॉल हेडला हात लावायचा. दर वेळी पायांशी झटापट नको असेल तर लेव्हलिंग बेस म्हणजे पाय आणि हेडच्या मध्ये बसून चकती सरळ करणारा तुकडा मिळतो, किंवा बॉलच्या वर बसणारा फिरता क्लॅम्प मिळतो, त्यात बॉलने लेव्हल करायची आणि बॉलच्या वर कॅमेरा फिरवायचा. माझ्या मते पहिला पैसा यातल्या एकावर घालावा, नवीन लेन्सवर नाही. लेव्हल झाली की नाही हे तपासायला शटर न दाबता कॅमेरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि स्क्रीनवरची लेव्हल बघत रहा, सगळीकडे हिरवीच राहिली पाहिजे.

कॅमेरा उभा लावायचा. फोटो रुंद हवाय म्हणून कॅमेरा आडवा धरायचा मोह होतो, पण रुंदी तर फिरवून मिळणारच आहे, उंची मिळते ती उभ्या कॅमेऱ्यातून. बॉल हेडच्या खाचेत कॅमेरा नुसता कलंडवू नका, त्याने लेन्स मध्यापासून बाजूला जाते आणि वजनही एकीकडे पडतं. एल ब्रॅकेट म्हणजे एल आकाराची पट्टी लावा, कॅमेरा उभा राहूनही लेन्स बरोबर मध्यावर राहते.

आता तो बिंदू. एक डोळा मिटून अंगठा समोर धरा आणि मान वळवा, अंगठा मागच्या भिंतीवर सरकताना दिसेल. लेन्सचंही तसंच होतं. कॅमेरा त्याच्या तळाच्या स्क्रूभोवती फिरला तर लेन्स प्रत्येक फ्रेममध्ये थोडी थोडी जागा बदलते आणि जवळचा दगड मागच्या डोंगराच्या तुलनेत सरकतो, मग सॉफ्टवेअरने किती ओढाताण केली तरी दोन्ही एकदम जुळत नाहीत. ज्या बिंदूभोवती फिरवलं की हे सरकणं थांबतं, त्याला लोक नोडल पॉइंट म्हणतात. तो शोधायचं काम घरीच करा, गडावर नाही. कॅमेऱ्याखाली सरकणारी पट्टी म्हणजे नोडल रेल लावा, खिडकीच्या ग्रिलचा एक उभा गज आणि लांबचा एखादा विजेचा खांब एका रेषेत घ्या. कॅमेरा उजवीकडे फिरवा. गज खांबाच्या डावीकडे सरकलेला दिसला तर कॅमेरा फार पुढे आहे, पट्टीवर थोडा मागे घ्या. गज उजवीकडे सरकला तर पुढे घ्या. असं करत करत एक जागा अशी येते की कितीही फिरवा, गज आणि खांब चिकटलेलेच राहतात. तिथे पट्टीवर टेपची खूण करा आणि शेजारी १८ एमएम असं लिहून ठेवा, कारण झूम बदललं की जागाही बदलते. फ्रेममध्ये फक्त लांबचे डोंगर असतील तर एवढं नाही केलं तरी चालतं, पण कोकणकड्यावर पायाशीच कातळ असतो, तो फ्रेममध्ये घ्यायचा असेल तर करायलाच हवं.

किती फोटो लागतील? क्रॉप म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर त्याच्यासोबत येणारी किट लेन्स १८ एमएमला आणि उभी लावली तर एका फ्रेममध्ये साधारण ४५ ते ४७ अंश रुंदी येते. दर वेळी ३० अंश फिरवलं की शेजारच्या दोन फ्रेममध्ये साधारण एक तृतीयांश भाग सारखा येतो, जोडायला तेवढा पुरतो. १८० अंशांसाठी ६ फ्रेम होतात, दोन्ही टोकांना एकेक जादा घ्या कारण जोडलेल्या फोटोच्या कडा कापल्या जातातच. चकतीवर अंशांच्या खुणा असतात, अंदाजाने फिरवू नका.

सेटिंगमध्ये एकच सूत्र, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत काहीही बदलायचं नाही. मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ बंद, अ‍ॅपर्चर एफ ८ ते ११, व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, डेलाइटवर ठेवा, आणि रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा. फोकस एकदा ऑटोने घेऊन मॅन्युअलवर टाका. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. पोलरायझर फिल्टर काढून ठेवा, सूर्यापासून ९० अंशांवरचं आभाळ त्याने गडद होतं आणि रुंद फोटोत मध्येच काळसर पट्टा दिसतो. एक्सपोजर ठरवताना आधी सगळीकडे फिरवून सगळ्यात उजेडाचा भाग कुठला ते बघा आणि तिथला हिस्टोग्राम म्हणजे उजेडाचा आलेख उजव्या टोकाला आपटणार नाही असं ठेवा. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि हे सोपं जातं, पण कडा स्वतः सावलीत असतो. संध्याकाळी कड्यावर सुंदर ऊन असतं पण सूर्य समोर असतो, तेव्हा प्रत्येक जागी तेच तीन एक्सपोजर, गडद, मध्यम आणि उजळ, घेऊन ठेवा.

फोटो काढताना दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरा, झटका आला की थांबा, वारं पडू द्या, मग दाबा. पण ढग पळत असतील तर फार रेंगाळू नका. सुरुवातीला आणि शेवटी लेन्ससमोर हात धरून एकेक फोटो काढा, घरी शेकडो फोटोंमध्ये कुठला सेट कुठून सुरू झाला ते लगेच कळतं.

जोडायला हगिन नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, लाइटरूम क्लासिक असेल तर सगळे फोटो निवडून कंट्रोल एम. प्रोजेक्शन, म्हणजे जोडलेला फोटो सपाट पसरायची पद्धत, सिलिंड्रिकल निवडा, सरळ रेषांचं रेक्टिलिनियर १२० अंशांच्या पुढे कडेची चित्रं भयंकर ताणतं. आणि निघण्याआधी, ट्रायपॉड उभा असतानाच, कॅमेऱ्यात सगळ्या फ्रेम १०० टक्के झूम करून बघून घ्या, एखादी हललेली असेल तर पूर्ण सेट पुन्हा काढा, एकच फ्रेम नाही, कारण तोवर उजेड बदललेला असतो.