कंगवा, कपटे आणि त्याच त्या चुका

शाळेतल्या विज्ञानात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फसणारा प्रयोग म्हणजे स्थितिक विद्युतचा, म्हणजे घासल्याने वस्तूवर साठणाऱ्या विजेचा. सामान काय, तर कंगवा, लोकरीचा तुकडा आणि कागदाचे कपटे. म्हणूनच लोक तो आयत्या वेळी करायला घेतात आणि वर्गासमोर तोंडघशी पडतात.

पहिली चूक म्हणजे हवेकडे न बघणं. जुलैत मुंबई-कोकणात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत वस्तूंवर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि कंगव्यावर जमलेला प्रभार, म्हणजे हीच साठलेली वीज, त्यावरून हातात, हातातून जमिनीत निघून जातो. घासणं कमी पडत नसतं, जमलेलं टिकत नसतं. पण उतावळी पोरं (आणि त्यांचे तितकेच उतावळे सर) आणखी जोर लावतात. मग तळहाताला घाम येतो आणि गळती वाढते. त्यात कंगवा घरचा, खोबरेल आणि धूळ मुरलेला.

मी कंगवा आदल्या दिवशी साबणाने धुतो, खळखळून पाण्यातून काढतो आणि वाळू देतो. प्रयोगाआधी कंगवा आणि लोकर दोन्ही टेबल लॅम्पच्या जुन्या पिवळ्या बल्बखाली थोडा वेळ ठेवतो. एलईडीखाली ठेवू नका, तो पुरेसा तापत नाही. हेअर ड्रायर असेल तर उत्तमच. एवढं करायचा कंटाळा असेल तर प्रयोग सरळ जानेवारीत करा.

स्ट्रॉचीही तीच गत. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली, तेव्हापासून मुलं कागदी स्ट्रॉ घासत बसतात. कागद ओल धरतो, त्याच्यावर प्रभार टिकत नाही. त्यापेक्षा इलेक्ट्रिकच्या दुकानातून वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा आणा. लोकरीने घासला की कंगव्यापेक्षा कितीतरी जोमदार काम करतो. पाइप जवळ नेऊन ओढ बघायला हलका गोळा टांगणार असाल तर त्यालाही सुती दोरा नको, तोही ओल धरतो. बारीक तंगूस (नायलॉनचा दोरा) वापरा.

आता माझ्या खास रागाची चूक: ‘ओढलं गेलं, म्हणजे विरुद्ध प्रभार.’

एका तालुका प्रदर्शनात एका मुलीने सुंदर मांडणी केली होती. तंगुसाला टांगलेला, फॉइल गुंडाळलेला थर्मोकोलचा छोटा गोळा आणि शेजारी लोकरीने घासलेला पाइप. पाइप जवळ नेला की गोळा त्याच्याकडे झुकायचा. तिने घडाघडा सांगितलं, “पाइपवर ऋणप्रभार आहे, गोळा ओढला जातो, म्हणून गोळ्यावर धनप्रभार आहे.” परीक्षकांनी मान डोलावली, पुढे झाले आणि गोळ्याला बोट लावलं. “आता त्याच्यावर काही असेल तर ते माझ्यामार्फत जमिनीत गेलं. पुन्हा आण पाइप.” तिने आणला. गोळा पुन्हा झुकला, तितकाच. मुलगी पाइपकडे बघते, मग मार्गदर्शक सरांकडे बघते. सर दुसऱ्या टेबलावरची झेंडूची फुलं न्याहाळत होते.

पोरीची चूक नव्हती, तिला ते वाक्य पाठ करून दिलं होतं. खरं असं की प्रभाररहित वस्तूही ओढली जाते. ऋणप्रभारित पाइप जवळ आला की गोळ्याच्या फॉइलमधले इलेक्ट्रॉन पलीकडच्या बाजूला सरकतात आणि पाइपकडच्या बाजूला धनप्रभार उरतो. जवळच्या बाजूची ओढ लांबच्या बाजूच्या ढकलण्यापेक्षा जास्त पडते, म्हणून गोळा पाइपकडे येतो. कागदाचे कपटे कंगव्याला चिकटतात तेही असंच, त्यांना आधी कुणी घासलेलं नसतं. वस्तूवर प्रभार आहे याची खात्री फक्त प्रतिकर्षणाने होते. परीक्षकांनी नंतर गोळा पाइपला मुद्दाम टेकू दिला. पाइपवरचा थोडा प्रभार गोळ्यावर गेला आणि गोळा झटक्यात लांब पळाला. पाइप मागे लागला की तो आणखी पळायचा. आता गोळ्यावर कोणता प्रभार आहे, हे विचारायला अर्थ आहे. दुकानातून आणलेल्या रेडीमेड मॉडेलवर ही एवढी गोष्ट कुठेही छापलेली नसते.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

‘घर्षणाने प्रभार निर्माण होतो’ असं लिहू नका. इलेक्ट्रॉन लोकरीतून पाइपवर जातात. जेवढा ऋणप्रभार पाइपवर येतो तेवढाच धनप्रभार लोकरीवर उरतो. प्रोटॉन कुठेही जात नाहीत.

धातूची पट्टी हातात धरून घासायची आणि ‘धातू प्रभारित होत नाही’ असा निष्कर्ष काढायचा, हे दरवर्षीचं. होतो, पण त्याच्यावरचा प्रभार तुमच्या हातातून निसटतो. पीव्हीसीची मूठ बसवा.

कूलोंब हे प्रभाराचं एकक. गणितात कंगव्यावर ‘५ कूलोंब’ लिहिणाऱ्यांनी एकदा कूलोंबचं सूत्र वापरून पाहावं. एकेक कूलोंबचे दोन प्रभार १ मीटरवर ठेवले तर त्यांच्यातलं बल सुमारे ९ लाख टन वजनाइतकं येतं. कंगव्यावर असतो तो फार तर नॅनोकूलोंबांत, म्हणजे कूलोंबच्या अब्जांशांत.

पतंग उडवून ढगातली वीज ‘पकडायचा’ प्रयोग कुणी सुचवला तर त्याला गेओर्ग रिखमानचं नाव सांगा. १७५३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये वादळात विजेचा अभ्यास करताना हा शास्त्रज्ञ जागीच गेला.

आणि विद्युतदर्शी, म्हणजे प्रभार आला की ज्याच्या फॉइलच्या दोन पट्ट्या फाकतात ते साधन. जॅमच्या बाटलीतला विद्युतदर्शी चालत नाही, अशी तक्रार आली की मी आधी सेलोटेप शोधतो. फॉइलच्या पट्ट्या तारेला टेपने चिकटवलेल्या असतात, मधे डिंकाचा थर, मग प्रभार पट्ट्यांपर्यंत पोचणार कसा? तारेचा आकडा करा, पट्ट्यांना भोक पाडून सैल अडकवा, रुंदी अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त नको. प्रवर्तनाने, म्हणजे पाइप न टेकवता, प्रभारित करताना पाइप जवळ असतानाच बोट लावा, मग आधी बोट काढा आणि नंतर पाइप. उलट केलंत की पट्ट्या मिटतात आणि परत पाइप घासण्यापासून सुरुवात.