एएस/४०० वरचा सोर्स गिटमध्ये कसा आणावा

सोलापुरात जॅकार्डच्या मागावर चादर विणताना नक्षी असते ती छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत. चादर विकली गेली तरी माळ शाबूत असेल, तर तीच नक्षी पुन्हा निघते. पण मधला एक पुठ्ठा कुणी बदलला आणि सांगितलंच नाही, तर पुढची चादर वेगळी येते आणि दोष कुठे हे शोधण्यात दिवस जातो. सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मजकूर, ही ती माळ आणि त्यातून कंपाइल होऊन, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात, निघालेला प्रोग्रॅम ही चादर. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एका कारखान्यात एएस/४०० वर चालणारे ऑर्डर आणि डिस्पॅचचे प्रोग्रॅम सांभाळताना मला हे पटलं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाल्यावर आम्ही घाईत केलेली एक दुरुस्ती काही महिन्यांनी गायब झाली, कारण कुणीतरी मेंबरच्या (एका प्रोग्रॅमचा सोर्स ज्यात असतो त्याच्या) जुन्या प्रतीवरून प्रोग्रॅम कंपाइल केला होता.

एएस/४००, आयबीएमचं व्यवसायासाठीचं संगणक, बाजारात आलं १९८८ मध्ये. आज त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव आयबीएम आय आहे, पण ऑफिसात सगळे जुनंच नाव घेतात. सोर्स फाइलमधल्या मेंबरचं नाव दहा अक्षरांत बसवावं लागतं. म्हणून मूळ नावापुढे ओल्ड, एक्स, एक, दोन असं जोडत प्रती वाढत जातात. खरी प्रत कोणती, हे फक्त ती करणाऱ्या माणसाला माहीत असतं आणि तो रजेवर असतो.

म्हणून गिटला, म्हणजे सोर्समधला प्रत्येक बदल कुणी आणि कधी केला याची नोंद ठेवणाऱ्या साधनाला, हात लावण्याआधी पाहणी करा. लाइव्ह लायब्ररीतल्या (रोजच्या कामात चालणारे प्रोग्रॅम आणि फाइली ज्या कप्प्यात असतात त्यातल्या) प्रोग्रॅमवर डीएसपीपीजीएम कमांड मॉड्यूलच्या तपशिलासह चालवा. तो कोणत्या लायब्ररीतल्या, कोणत्या फाइलमधल्या, कोणत्या मेंबरवरून बनला आणि त्या वेळी मेंबर शेवटचा कधी बदललेला होता, हे दिसतं. ती तारीख आजच्या मेंबरच्या तारखेशी जुळत नसेल, तर त्या प्रोग्रॅमपुढे लाल खूण करा. हे काम कंटाळवाणं आहे, आम्हाला दोन आठवडे लागले. तरीही ते टाळू नका, नाहीतर गिटमध्ये चुकीची माळ जपून ठेवाल.

गिट बसवणं त्यामानाने सोपं. ॲक्सेस क्लायंट सोल्यूशन्समधल्या ओपन सोर्स पॅकेज मॅनेजमेंटमधून किंवा यम कमांडने गिट घ्या, दुरून जोडण्यासाठी एसएसएच सर्व्हर सुरू करा आणि पाथमध्ये पॅकेजेसची बिन डिरेक्टरी घाला. प्रत्येकाचं युझर प्रोफाइल वेगळं हवं. सगळे एकाच प्रोफाइलवर काम करत असतील, तर बदल कुणी केला हे गिटही सांगू शकणार नाही.

आता मेंबर आयएफएसमध्ये, म्हणजे त्याच यंत्रातल्या साध्या फोल्डर-फाइलच्या भागात, न्यायचे. आधी जुन्या सोर्स लायब्ररीचं सेव्ह घेऊन ठेवा. सीपीवायटीओएसटीएमएफ कमांडला कोड १२०८, म्हणजे यूटीएफ-८, आणि ओळीचा शेवट एलएफ असा द्या. सोर्स फाइलचा सीसीएसआयडी, म्हणजे अक्षरांच्या कोडचा क्रमांक, ६५५३५ असेल, तर तिचा खरा कोड कोणता ते ठरवून डीबीएफसीसीएसआयडी या पॅरामीटरमध्ये सांगा. नाहीतर अक्षरं बिघडू शकतात. मेंबरमध्ये प्रत्येक ओळीआधी अनुक्रमांक आणि बदलाची तारीख असते, ती बारा अक्षरं नव्या फाइलमध्ये येत नाहीत. मेंबरचं वर्णनही येत नाही, ते पहिल्या ओळीत कॉमेंट म्हणून लिहा. फाइलच्या नावाला प्रकारानुसार आरपीजीएलई, सीएलएलई, डीएसपीएफ असं एक्स्टेन्शन लावा.

पहिला कमिट, म्हणजे गिटमधली पहिली नोंद, सोर्स आहे तसा ठेवून करा. जागा नीट करणं, ठरलेल्या कॉलमांत लिहिलेला जुना कोड फ्री फॉरमॅटमध्ये आणणं हे सगळं नंतरच्या वेगळ्या कमिटमध्ये. नाहीतर पहिल्याच दिवशी मूळ आणि सुधारलेलं यांत फरक कळेनासा होतो.

पुढे बिल्ड, म्हणजे सोर्सवरून प्रोग्रॅम तयार करणं. आरपीजी या भाषेच्या कंपाइलरला एसआरसीएसटीएमएफ या पॅरामीटरमध्ये आयएफएसमधली फाइल थेट देता येते. सोर्स यूटीएफ-८ मध्ये असल्यामुळे टीजीटीसीसीएसआयडी स्टार-जॉब ठेवा. डीडीएसला, म्हणजे फाइल आणि स्क्रीनची रचना सांगणाऱ्या सोर्सला, अजून मेंबरच लागतो, त्यामुळे सीपीवायएफआरएमएसटीएमएफने तात्पुरत्या मेंबरमध्ये टाकून मग कंपाइल करा.

खरी जपायची गोष्ट म्हणजे क्रम. आधी फिजिकल फाइल (डेटाची), मग लॉजिकल (त्याच डेटाची वेगळी मांडणी), मग डिस्प्ले फाइल (स्क्रीनची), शेवटी प्रोग्रॅम. फिजिकल फाइलमध्ये एक फील्ड वाढवलं आणि ती वापरणारे प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केले नाहीत, तर चालवताना लेव्हल चेकची, म्हणजे फाइल आणि प्रोग्रॅमची रचना जुळत नसल्याची, चूक येते, संदेश सीपीएफ४१३१. कोण कुणावर अवलंबून आहे हे मेक किंवा बॉब या बिल्डच्या साधनांच्या नियमांच्या फाइलमध्ये लिहून ठेवा, तीही गिटमध्येच.

आणि इथे एक मोठा धोका आहे. फिजिकल फाइलमध्ये डेटा असतो. बिल्डच्या स्क्रिप्टने ती पुसून नव्याने तयार केली, तर सोर्स सुरक्षित राहील आणि ग्राहकांच्या ऑर्डरी जातील. आधीपासून असलेल्या फाइलला सीएचजीपीएफ कमांडमध्ये नवा सोर्स द्या, म्हणजे डेटा राहतो. फील्ड काढताना किंवा लहान करताना मात्र आधी बॅकअप, मग चाचणी लायब्ररीत प्रयोग. ही स्क्रिप्ट लिहिताना दोन माणसांनी एकत्र बसावं, असं माझं ठाम मत आहे.

प्रत्येक प्रोग्रॅमरला स्वतःची लायब्ररी आणि रिपॉझिटरीची, म्हणजे गिटमधल्या सगळ्या सोर्सच्या साठ्याची, स्वतःची प्रत द्या. लाइव्ह लायब्ररीत जाणारा बिल्ड फक्त मुख्य ब्रँचवरून (गिटमधल्या बदलांच्या मुख्य फांदीवरून) आणि टॅग, म्हणजे त्या आवृत्तीला नावाची खूण, लावूनच करा. सगळं जुळल्यावर जुन्या सोर्स लायब्ररीवरचा अधिकार फक्त वाचण्यापुरता करा. पहिल्या महिन्यात रात्री कुणाचा तरी फोन येईल, डिस्पॅच अडलंय म्हणून, आणि कुणीतरी सवयीने एसईयू हा जुना एडिटर उघडून मेंबर बदलू पाहील. अधिकार नाही असा संदेश दिसला, की ब्रँच काढून तिथेच दुरुस्ती करा आणि लाइव्ह बिल्डसाठी तोच टॅगचा रस्ता धरा.