दहा म्हणजे दहाच? सांधेदुखीवाल्यांच्या गट व्यायामात या चुका टाळा

गटातल्या व्यायामात सगळ्यात जास्त नुकसान करतो तो आकडा. पुढे उभी असलेली ताई "सहा, सात, आठ" मोजत असते आणि मागचे वीस जण त्या तालावर उठबस करत असतात. ज्यांचा गुडघा पाचव्या वेळीच कुरकुरला होता तेही दहापर्यंत रेटतात, कारण मधेच थांबलं तर चारचौघांत कसं दिसेल! मी स्वतः असे वर्ग घेते. "व्यायामानं माझं दुखणं वाढलं" असं सांगून जे सोडून गेले, त्यांतल्या बऱ्याच जणांना व्यायामानं नाही, त्या दहाच्या आकड्यानं घालवलं, असं माझं मत आहे. मोजणारी मीच होते, म्हणून हे जरा जास्तच बोचतं.

दुखलं की थांबायचं, की दुखू द्यायचं?

इथे दोन्ही टोकांच्या चुका होतात. काही जण जराशी कळ आली की खुर्चीत बसतात ते उठतच नाहीत. काही जण "दुखल्याशिवाय फायदा नाही" म्हणत दात ओठ खाऊन करतात.

सांध्याच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून होतं. वजन पडलं की ती दबते, सुटलं की फुगते, आणि या दाबण्या-सोडण्यात स्पंजासारखा तो द्रव आत-बाहेर होतो. म्हणजे न हलणारा सांधा उपाशी राहतो. झीज झालेल्या गुडघ्याला आराम द्यायचा म्हणून महिनोन्‌महिने बसून राहिलं, तर मांडीचे स्नायू सुकतात आणि चालताना बसणारा हादरा थेट सांध्यावर येतो.

मग किती दुखणं चालेल? डेन्मार्कमध्ये २०१३ साली गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी 'ग्लॅड' हा गट व्यायामाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात दुखणं ० ते १० मध्ये मोजायला शिकवतात. २ पर्यंत बिनधास्त, ५ पर्यंत चालेल, त्यावर गेलं तर कमी करा. आणि वाढलेलं दुखणं २४ तासांत पूर्वीच्या जागी यायला हवं. याच्या जोडीला सांधेदुखीवाल्यांना हमखास सांगितला जाणारा दोन तासांचा नियम आहे: व्यायामानंतर दोन तासांनीही सांधा आधीपेक्षा जास्त दुखत असेल, तर आज जास्त झालं.

म्हणून वहीत तीनच आकडे लिहायचे. वर्गाआधीचा, दोन तासांनंतरचा, दुसऱ्या दिवशी सकाळचा. आकडा चढला तर वर्ग सोडायचा नाही. किती वेळा, किती खाली आणि किती जोरात, या तिन्हींपैकी एकच गोष्ट कमी करून बघायची. तिन्ही एकदम बदलल्या तर नेमकं कशानं बरं वाटलं ते कळणारच नाही. आणि मांडी किंवा पोटरी एक-दोन दिवस भरून येणं निराळं. त्याला घाबरू नका. सांध्याच्या आत सुरी खुपसल्यासारखी कळ, सूज, हात लावला की गरम लागणं, हे मात्र वेगळं.

खुर्चीवरून उठणं

सगळ्यात सोपा वाटणारा आणि सगळ्यात वाईट केला जाणारा व्यायाम. माझ्या वर्गातल्या एक काकू घ्या. त्या खुर्चीत पार मागे टेकून बसायच्या, पाय पुढे पसरलेले. उठायची वेळ आली की दोन्ही तळहात गुडघ्यांवर दाबायच्या, श्वास रोखायच्या आणि झटक्यात वर यायच्या. येताना दोन्ही गुडघे आत, एकमेकांकडे वळायचे. खाली जाताना तर धपकन बसायच्या. असं दहा वेळा. "बघा, पूर्ण केलं!" म्हणायच्या, आणि मीही मान डोलवायचे.

यात कुठे कुठे चुकतं ते पाहा. आधी पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर या. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, खुब्याइतकी रुंद. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे वाका, मग उठा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आधार लागला तर हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवा, गुडघ्यांवर नको. उठताना श्वास सोडा, कारण रोखलेल्या श्वासानं रक्तदाब चढतो. आणि मनात तीन मोजत खाली बसा. निम्मा व्यायाम या सावकाश बसण्यात आहे, धपकन बसणारा तो वाया घालवतो.

काकूंची खुर्चीही बुटकी होती. आसन जितकं खाली तितका गुडघ्यावर भार जास्त. खुर्चीवरून उठण्याच्या चाचणीसाठी साधारण ४३ सेंटिमीटर उंचीचं आसन घेतात. तेवढ्यावरून जमत नसेल तर वर घट्ट उशी टाका आणि काही आठवड्यांनी काढा. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी. चाकांची तर नकोच नको.

सगळ्यांचं दुखणं एकच नसतं

झिजेमुळे आखडलेला सांधा सकाळी साधारण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. आमवातात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते त्या आजारात, तासाभरापेक्षा जास्त वेळ जातो. अशा माणसाला भल्या पहाटेच्या वर्गात उभं करणं म्हणजे शिक्षा. त्यांच्यासाठी वर्ग उशिरा ठेवा. आजार उसळलेला असेल, सांधे सुजून गरम असतील, तेव्हा ताकदीचा व्यायाम बाजूला ठेवून सांधे फक्त हलके हलके हलवायचे.

मानेचं मुद्दाम सांगते. आमवात जुना असेल तर मानेच्या वरच्या मणक्यांमधला सांधा सैल झालेला असू शकतो. गटात सर्रास करवतात ती मान गोल फिरवणं, झटके देणं त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. हाडं ठिसूळ असलेल्यांनी कंबरेत खोल वाकणं आणि पीळ देणं टाळावं. खुबा बदललेल्यांना कोणत्या हालचाली मना आहेत ते शस्त्रक्रिया करणाऱ्यानं सांगितलेलं असतं, पण वर्गात ते कुणी विचारतच नाही. पहिल्या दिवशी पाच मिनिटं काढून विचारा. आणि कुणी विचारलं नाही तर तुम्हीच सांगा, त्यात लाजायचं काही नाही.

उशिरा येणारे

वॉर्म-अप संपल्यावर येतात आणि थेट रांगेत घुसतात. त्यांनी मागे पाच मिनिटं जागच्या जागी चालावं, मग यावं. एवढंच.

वर्षभर तोच पिवळा रबरी पट्टा

जास्त करणाऱ्यांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून जास्त, लोक कमी करतात. बसून हात हलवले, गाणी म्हटली, हसलो, घरी गेलो. मन ताजंतवानं झालं हे खरं, ते कमी नाही. पण मांडीला त्याचा पत्ताच लागला नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन असं आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम, आणि पासष्टीच्या पुढे किमान तीन दिवस तोल आणि ताकदीवर भर. सांधे दुखतात म्हणून यातलं काही रद्द होत नाही. एवढं जमत नसेल तर जमेल तेवढ्यापासून सुरुवात करायची.

ओळखायची खूण साधी आहे. दहातल्या शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. जात नसतील तर पुढचा पट्टा घ्या. पट्ट्याच्या रंगावरून त्याचा ताण कळतो, पिवळा हलका असतो. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत धाप लागली की जोर बरोबर. तोल सांभाळायचा व्यायाम भिंतीपाशी किंवा जड खुर्चीच्या पाठीला धरून. खोलीच्या मध्यभागी एका पायावर उभं राहून मर्दुमकी दाखवू नका.

पाण्यातल्या वर्गाची तऱ्हा उलटी. छातीपर्यंतच्या पाण्यात पायांवरचा बराचसा भार पाणी उचलतं, त्यामुळे कुठंच दुखत नाही आणि माणूस पहिल्याच दिवशी तासभर नाचतो. हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी चुकता होतो. तिथे सुरुवात पंधरा-वीस मिनिटांनी करा.

"बरं वाटत नाही" म्हणून सुटलेले वर्ग

आधी हे बघा: सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप आला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर वर्गाचा विचार सोडा आणि तातडीनं डॉक्टरांकडे जा.

बाकी नेहमीचं ठणकणं असेल तर या. इंग्लंडमधल्या 'एस्केप-पेन' कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, असे बारा वर्ग असतात आणि प्रत्येक वेळी व्यायामाबरोबर गप्पाही ठरलेल्या असतात: दुखणं कशानं वाढतं, वाढलं की काय करायचं. या गप्पा कापून व्यायामाला वेळ देण्याचा मोह मलाही व्हायचा. पण तिथेच कुणीतरी म्हणतं, "माझंही असंच झालं होतं, चार दिवसांत उतरलं," आणि ते माझ्या सांगण्यापेक्षा पटकन पटतं.

दोन वर्ग चुकले की तिसरा आपोआप चुकतो, आणि दोन आठवड्यांनी परतलेला माणूस राहिलेलं सगळं एका दिवसात भरून काढायला बघतो. परतल्यावर पहिल्या दिवशी आकडा निम्मा, उंच उशीवरून, पट्टा एक पायरी खालचा. ठणकत असलं तरी येऊन बसा, हात आणि घोटे हलवा. माझ्या वर्गात हल्ली प्रत्येक जण आपापल्या मनात मोजतो. मी फक्त "सुरू" आणि "आता थांबा" एवढंच म्हणते.